अंग सुटले, बळ गेले : उतारवयातील महिलांचा आहार व व्यायाम



ऊस विकास विभागाच्या या पानावर एरवी बेणे, खत आणि खोडवा यांची माहिती असते. या वेळी आम्ही घरातल्या वडीलधाऱ्या बायांच्या तब्येतीविषयी लिहीत आहोत. आपल्या वडवणी भागात दसरा-दिवाळी झाली की कोयते गाव सोडतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी हीच बाई साठीनंतर बाजेवरून उठताना गुडघ्यावर हात टेकते. अंग मात्र सुटलेलं असतं. घरचे म्हणतात, "खातीपिती आहे, तिला काय धाड भरलीय?" इथेच फसगत होते.

वजन वेगळे, उतारा वेगळा

काट्यावर उसाचं वजन भरतं, पण उतारा लागत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. शरीराचंही तसंच आहे. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि साठीनंतर ही झीज वेगाने होते. याला डॉक्टर 'सार्कोपेनिया' म्हणतात. त्यातच पोटावर चरबी वाढली की दुखणं दुहेरी होतं. ओझं वाढतं आणि ते पेलणारं बळ घटतं. मग पाय घसरणे, खुब्याचं हाड मोडणे, मधुमेह, गुडघेदुखी ही संकटं मागे लागतात.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक कारण आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले असतील, तर पाळी जाण्याचा काळ एकदम आणि अकाली येतो. मग हाडं व स्नायूंची झीज लवकर सुरू होते आणि पोटाची चरबी वाढते. अशा बहिणींनी साठीची वाट न पाहता चाळिशीतच काळजी घ्यावी.

घरच्या घरी तपासणी

भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीशी बांधून पाच वेळा उठा आणि बसा. त्याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांचं बळ कमी झालं असं समजावं. सोबत कंबर मोजावी. ८० सें.मी. पेक्षा जास्त असेल तर चरबी वाढलेली आहे. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर डॉक्टरांना दाखवावे.

नुसती पावडर पुरते काय?

बाजारात ताकदीच्या पावडरींचे डबे हजार-दोन हजारांना मिळतात. मुलं पुण्या-मुंबईहून आईसाठी प्रेमाने आणतातही. पण १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. वृद्धाश्रमातल्या १०० जणांवर तो झाला. त्यांचं सरासरी वय ८७ होतं आणि बहुसंख्य स्त्रियाच होत्या. ज्यांनी दहा आठवडे वजनाचा व्यायाम केला, त्यांचं पायांचं बळ दुपटीहून जास्त वाढलं. ज्यांना नुसतं पूरक पोषण दिलं, त्यांची अशक्तता हटली नाही. पुढे जपानात, सत्तरीपुढच्या १३९ स्थूल व स्नायू झिजलेल्या महिलांवर प्रयोग होऊन २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत व्यायाम आणि पोषण यांमुळे चरबी व चालणं यांत काही सुधारणा झाली, पण स्नायूंचं प्रमाण मात्र वाढलं नाही. म्हणजे काम सावकाशीचं आहे आणि चिकाटी हवी. कोरड्या सरीत युरिया फेकून ऊस वाढत नाही. व्यायाम हे पाणी, आहार हे खत.

आहार कसा असावा?

उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम लागतात. हिशेब अंदाजे असा :

दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी – १५ ग्रॅम
५० ग्रॅम डाळीचं वरण – ११ ग्रॅम
५० ग्रॅम मटकी किंवा हुलग्याची उसळ – ११ ग्रॅम
पाव लिटर दूध – ८ ग्रॅम
दोन अंडी – १२ ग्रॅम
मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे – ७ ग्रॅम

बेरीज ६४ होते. अंडी चालत नसतील तर उसळ आणि दूध वाढवावे. हे सारं एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत वाटून घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. एवढं पोटात जात नसेल, तरच पावडरीचा विचार करावा, तोही डॉक्टरांच्या सल्ल्याने.

वजन उतरवायला उपाशी राहू नये. उपासाने चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. कमी करायचं ते तेल, तळण आणि साखर. साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना कुणाला नवल वाटेल, पण दिवसाकाठी पाच-सहा गोड चहा घेणाऱ्या बाईने तो दोनवर आणावा, असंच आम्ही सांगू.

व्यायाम कसा करावा?

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड :

१) खुर्चीवरून उठणे-बसणे – ५ वेळा, हळूहळू १०.
२) भिंत धरून टाचा उचलणे – १० वेळा.
३) भिंतीला हात लावून अंग पुढे-मागे रेटणे – १० वेळा.
४) एक लिटर पाण्याची बाटली (साधारण एक किलो) उचलणे – प्रत्येक हाताने १० वेळा.

जमेल तसे हेच दोन-तीनदा करावे आणि सोपे वाटू लागले की वजन वाढवावे. रोज अर्धा तास चालणे वेगळे. धुणं-भांडी, शेण-घाण यांनी अंग थकतं, पण मांड्यांना चढत्या वजनाचा ताण मिळत नाही. म्हणून "मी दिवसभर कामच करते" हे उत्तर पुरेसं नाही. छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

खोडवा फुकटचा म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो आणि मग उत्पन्न घटलं म्हणून रडतो. ज्या बायांच्या कष्टावर घर, शेत आणि कारखान्याची गव्हाण चालली, त्यांच्या बाबतीत असं होऊ नये. सभासदांनी आजच आई, सासूबाई, आत्या यांची खुर्चीची तपासणी करावी आणि किती सेकंद लागले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.