झापल्यानंतरची दहा मिनिटं

बँकेत नव्याने लागलेली मुलं मला विचारतात, साहेबांची बोलणी कशी सहन करायची? सहन करण्याबद्दल माझ्याकडे फारसं सांगण्यासारखं नाही, ते वर्षभरात जमतं. मला काळजी वाटते ती बोलणी खाल्ल्यानंतरच्या दहा मिनिटांची. पुन्हा ऐकून घ्यावं लागू नये म्हणून त्या दहा मिनिटांत माणूस जे घाईघाईने करून बसतो, ते पुढे फार महागात पडतं.

सरकारी बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून माझी पहिली नेमणूक मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. जून महिना, पीककर्जाच्या नूतनीकरणाचे दिवस. शटर उघडायच्या आधीपासून सातबारा आणि आठ-अ हातात घेऊन माणसं उभी. त्यात लिंक गेली की सगळा राग काउंटरवरच्या माणसावर. शाखेत माणसं कमी, त्यातलं एक कायम डेप्युटेशनवर.

आमचे मॅनेजरसाहेब वाईट नव्हते. पण संध्याकाळी रिजनल ऑफिसची व्हिडिओ कॉन्फरन्स, म्हणजे व्हीसी, व्हायची, आणि ती संपली की केबिनमधून हाक यायची. त्यांना वरून जे ऐकावं लागलं, ते व्याजासकट खाली यायचं. ‘‘मॅडम, खुर्ची उबवायला पाठवलंय का तुम्हाला?’’ हे हॉलमध्ये, पासबुक भरायला थांबलेल्या आजोबांनाही ऐकू जायचं.

माझ्याबरोबर कॅशला एक मुलगा होता, माझ्यासारखाच नवीन. हात हळू चालतो म्हणून त्याला रोज बोलणी. एकदा दिवसअखेर त्याची कॅश शॉर्ट आली. नियम साधा आहे : कॅश कमी आली तर त्याच दिवशी सांगायचं, नोंद करायची, पैसे भरायचे. जास्त आली तरी तशीच नोंद. त्याने सांगितलं नाही. खिशातले पैसे टाकून कॅश जुळवली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर असावेत म्हणून स्वतःच्या काही नोटा ड्रॉवरमध्येच ठेवायला लागला. मग अचानक तपासणी आली. ड्रॉवरमध्ये हिशेबापेक्षा जास्त रक्कम! काउंटरवर बसताना स्वतःजवळचे पैसे रजिस्टरमध्ये लिहायचे असतात, ते त्याने लिहिले नव्हते. ही रक्कम कुठून आली, याचं पटेल असं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. खरं उत्तर होतं, ‘साहेब ओरडतील म्हणून.’ पण ते चौकशीच्या कागदावर कसं लिहिणार? हळू हातासाठी त्याला कुणी चार्जशीट दिलं नसतं. लपवण्यासाठी मिळालं.

माझ्यावरची वेळ वेगळी होती. गर्दीच्या दिवशी साहेब बाहेर पडताना म्हणाले, ‘‘एवढीशी फाइल दोन दिवस लोळतेय. पासवर्ड सांगतो, माझ्या आयडीतून पास करून टाका.’’ आदल्याच संध्याकाळी भरपूर ऐकलेलं असताना अशा वेळी ‘हो सर’ तोंडातून आपोआप निघतं. आमचे हेड कॅशियर काका शेजारीच होते. साहेब फोनवर बोलायला वळले तशी त्यांनी मान न वळवताच सांगितलं, ‘‘मॅडम, आयडी कुणाचा घेऊ नका, आपला देऊ नका. साहेबांची बदली होईल, लॉग इथंच राहील.’’ एंट्री एकाने करायची आणि पास दुसऱ्याने, हा बँकेचा पाया. एका सरकारी बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतलं हमीपत्रांचं प्रकरण २०१८ च्या सुरुवातीला बाहेर आलं, तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं की तपास सुरू झाला की प्रत्येक संदेश, प्रत्येक एंट्री कुणाच्या नावावर आहे तेच आधी शोधलं जातं. मी साहेबांना म्हटलं, ‘‘सर, कागद लावून एंट्री करून ठेवते. तुम्ही आल्यावर पास करा, मी थांबते.’’ ते चिडले. पण आल्यावर पास केलं.

‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मी एवढं करते, पुढचं तुम्ही करा’ हे वाक्य नव्या माणसाच्या तोंडी जास्त खपतं.

आता बोलण्यांतल्या मजकुराविषयी. ‘तुमचं कामाकडे लक्षच नाही’ यावर काही करता येत नाही. म्हणून मी विचारायला शिकले, ‘‘कुठली खाती, सर?’’ आवाज मात्र खाली ठेवून; चढ्या आवाजात तोच प्रश्न उद्धटपणा ठरतो. एकदा एनपीएच्या, म्हणजे खाती बुडीत धरली जाण्याच्या, धास्तीने त्यांनी भली मोठी यादी माझ्या टेबलावर आपटली. ग्राहकांसमोर मी काही बोलले नाही. सकाळी यादी घेऊन बसले. बरीच खाती पीककर्जाची होती. तिथे ९० दिवस थकलं की एनपीए, हा नेहमीचा नियम लागत नाही; कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि उसासारख्या दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम थकबाकी राहिली तर खातं एनपीए होतं. ती बाजूला काढली. उरलेल्यांत मात्र दुकानांची आणि गाड्यांची कर्जं होती, ३० दिवस ओलांडून एसएमए-१ या इशाऱ्याच्या वर्गात गेलेली. ६० च्या पुढे जायच्या आत फोन करायलाच हवे होते. म्हणजे बोलणी निम्मी व्हीसीची, निम्मी खरी. दोन्ही याद्या वेगळ्या करून केबिनमध्ये दिल्या आणि फोनला बसले. शाबासकी मिळाली नाही. पुढची यादी मात्र आपटली न जाता हातात आली.

ग्राहकांसमोर बोलण्याविषयी मी नंतर, शाखा बंद झाल्यावर, एकटीने जाऊन सांगितलं. ‘‘सर, काय ते केबिनमध्ये सांगा, बाहेर लोक आपल्या दोघांकडेही बघतात.’’ काही दिवस दार लावून बोलले, मार्चएंडला पुन्हा दार उघडं. याहून जास्त अपेक्षा ठेवू नये असं माझं मत आहे.

कामावरून झापणं आणि छळ यांत गल्लत मात्र करू नका. लैंगिक शेरेबाजी असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. ‘प्रोबेशन संपू दे, मग बघू’ म्हणत थांबलात तर ही मुदत निघून जाते. जातीवरून कुणी बोललं तर तेही ‘साहेबांचा स्वभाव’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

तोंडी सूचना खटकली तर त्याच दिवशी दोन ओळींची मेल करा : ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक काम करत आहे, अमुक कागद बाकी आहे.’ तक्रारीचा सूर नको. मेमो आला तर रात्री उत्तर लिहू नका. पण दिलेली मुदतही चुकवू नका. तारीख, खातं, काय झालं, एवढंच लिहा. ‘माझ्यावरच अन्याय का’ हे वाक्य खोडा. पाठवण्याआधी ऑफिसर्स असोसिएशनच्या एखाद्या जुन्या माणसाला दाखवा. त्यांनी असे कागद ढिगाने पाहिलेले असतात. आणि उत्तराच्या प्रतीवर पोच घेऊन ती घरी ठेवा. शाखेतल्या कपाटात ठेवलीत तर बदलीच्या ऑर्डरनंतर त्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे जाते.