कौलं परतायची, पण कोणाकडून?

प्रश्न : मी मुंबईला असतो. कुडाळजवळच्या आमच्या कौलारू घराची शाकारणी गेल्या वर्षी करून घेतली, तरी पावसात माजघर गळलंच. भरवशाचा माणूस कसा शोधू?

उत्तर : आधी कधी बोलावता ते सांगा! मे अखेरीस सगळं गाव एकाच गड्याच्या मागे असतं; घाईतलं काम गळणारच. मार्च-एप्रिलमध्ये या. वाडीत कोणाचं छप्पर गेल्या पावसात गळलं नाही ते विचारा आणि त्याचाच माणूस धरा. तो वर चढून वासे-रिपा ठोकून बघतो का, हे पाहा. वाळवी लागलेल्या रिपेवर नवं कौल बसवणारा आणि प्रत्येक फटीत सिमेंट थापणारा, दोघेही नकोत. सिमेंट उन्हात तडकतं, मग गळती दुप्पट.

रिपा, कौलं, मजुरी कागदावर वेगवेगळी लिहून घ्या. पैसे टप्प्याने द्या. थोडे पहिल्या मोठ्या सरीपर्यंत राखून ठेवा, हे आधीच ठरवून. फोनवरच्या फोटोंवर विसंबू नका.

गेल्या वर्षीची पावती किंवा ऑनलाइन भरणा असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं असते.