पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

दहावीच्या कुठल्याही मुलाला विचारा, अभ्यास झाला का? उत्तर येतं, "धडा तीनदा वाचला." तिसऱ्या वाचनाला ओळी ओळखीच्या वाटतात, हायलायटरने पान पिवळं झालेलं असतं, आणि मन म्हणतं, येतंय की! पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पेपर लिहिताना पुस्तक समोर नसतं.

अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला: ८१ टक्के, लिहून काढलेला ७५. आठवड्याने मात्र वाचलेला ४२ वर घसरला, लिहिलेला ५६ वर होता. आदल्या रात्री वाचून सकाळी पेपर बरा जातो आणि महिन्याभराने सगळं कोरं होतं, ते का, हे यावरून कळतं.

आपण घोकंपट्टी म्हणून ज्याची टिंगल करतो, त्या परवच्यात ही गोष्ट होतीच. दिवेलागणीला मुलं पावकी, निमकी, दिडकी तोंडाने म्हणायची, पुस्तकाशिवाय आणि रोज. (आमच्या गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळचा तेर्सही असाच तोंडपाठ होतो.) अर्थ समजण्याच्या बाबतीत परवचा कमी पडत असेल, पण आठवण्याचा सराव त्यात भरपूर होता.

शिकवणीच्या मुलांना मी कविता शिकवून झाली की "समजलं का?" विचारत नाही. "पुस्तक मिटा, आशय आणि अलंकार वहीत लिहा," म्हणते. मुलं वैतागतात, पेन चावतात. चावू देत. जे आठवत नाही तिथे जागा कोरी सोडायची, मग पुस्तक उघडून वेगळ्या शाईने भरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक मिटून लिहायचं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. सुरुवातीला अंतर कमी, कारण हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं तसं, पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त विसरलं जातं. पुढे तो वेग मंदावतो. पुढच्या वेळी वेळ द्यायचा तो वेगळ्या शाईतल्या ओळींना.