बॅग चोरीला गेली? तक्रारीत 'हरवली' लिहू देऊ नका

दुकान बंद करून निघालात आणि बाइकवरच्या दोघांनी हातातली बॅग ओढून नेली. आत गल्ला, फोन, चेकबुक. आता काय?

आधी पैसे वाचवा. कुणाचाही फोन घ्या, बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. चेकबुकसाठी स्टॉप पेमेंट. सिमही ब्लॉक करा. खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच १९३०.

मग पोलीस ठाणं. इथे बरेच जण फसतात. "गहाळ झाली असं लिहा, दाखला लगेच मिळेल," असं कुणी सुचवतं आणि उद्या दुकान उघडायचं असतं, म्हणून आपणही हो म्हणतो. तो दाखला डुप्लिकेट कागदपत्रांना चालतो. पण त्यावर गुन्हा नोंदला जात नाही, म्हणजे तपासही नाही. विमा कंपनीही चोरीच्या दाव्याला एफआयआर मागते.

शब्द महत्त्वाचे का, ते बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात कलम ३०३ चोरीचं आणि ३०४ हिसकावून नेण्याचं, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे फक्त एनसी. हिसकावणं मात्र रक्कम कितीही असो, दखलपात्र. म्हणून 'हातातून ओढून नेली' हे स्पष्ट लिहा, प्रत्येक वस्तूची किंमत लिहा. (खिशातून नकळत गेलं असेल तर तसंच सांगा. खोटी तक्रार हाही गुन्हा आहे.)

वसई रोडच्या प्लॅटफॉर्मवर घडलं तर रेल्वे पोलीस, बाहेर रस्त्यावर घडलं तर शहर पोलीस. पण "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

नोंदच घेतली नाही तर लेखी तक्रार वरिष्ठांना पोस्टाने पाठवा. जुन्या सवयीने पालघरच्या एसपींना नको! २०२० पासून आपल्याकडे मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. तिथल्या उपायुक्तांना पाठवा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.

त्याच नंबरचं नवं सिम काढा. त्यावर ओटीपी यायला एखादा दिवस लागू शकतो. मग तक्रारीची प्रत आणि फोनचं बिल घेऊन संचार साथीवर, सीईआयआरमध्ये, आयएमईआय ब्लॉक करा.

बॅगेत दुकानाचा माल असेल तर सीएंना कळवा, चोरीच्या मालावरचं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं.

आणि वस्तू सापडली तर ती मुद्देमाल म्हणून जमा होते. ती सोडवायला कोर्टात अर्ज करावा लागतो, तिथे मालकी दाखवायला बिल लागेल. फोनचं बिल आहे ना तुमच्याकडे? आजच त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा.