कॅल्शियम वाढलंय, ऑपरेशन करू का?

प्रश्न : माझं वय ३४. रक्तातलं कॅल्शियम १०.९, पॅराथायरॉइड हार्मोन नॉर्मल. त्रास काहीच नाही. आईचंही कॅल्शियम थोडं जास्तच असतं. गळ्यातली ग्रंथी काढावी लागेल का?

उत्तर : कृपया घाई करू नका. आईचा उल्लेख केलात, हे फार बरं झालं. पॅराथायरॉइड ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारं एक रिसेप्टर प्रथिन असतं. १९९३ मध्ये ते गाईच्या ग्रंथीत सापडलं. रक्तात कॅल्शियम वाढलं की ते या प्रथिनाला चिकटतं आणि पेशी हार्मोन सोडणं कमी करते. त्याच्या जनुकात जन्मजात दोष असेल, तर वाढलेलं कॅल्शियमही पेशीला जेमतेम वाटतं. मूत्रपिंडातही हेच प्रथिन असल्याने लघवीवाटे कॅल्शियम कमी जातं. हा आनुवंशिक प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. ऑपरेशनने तो सहसा सुधारत नाही. मात्र ग्रंथीत गाठ असली तरी रक्ताचा अहवाल असाच येऊ शकतो. म्हणून आधी २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि रक्तातलं व्हिटॅमिन डी तपासून एंडोक्रिनॉलॉजिस्टना भेटा. लिथियमची गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यामुळेही कॅल्शियम वाढतं.