लेकरू रात्रभर खोकतंय: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

ऑगस्टअखेरीस विमान उतरतं, सप्टेंबरात पोर नर्सरीत जायला लागतं आणि ऑक्टोबर संपायच्या आत घरात खोकला मुक्कामाला येतो. हॅरो, स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स, मँचेस्टर, कुठल्याही मराठी घरात विचारा, क्रम हाच. दिवसभर पोर ठीक असतं, हुंदडतंसुद्धा. रात्री अकरा-साडेअकराला ढास लागते. तेव्हा भारतात पहाटेचे चार वाजलेले असतात. आईला फोन करावा तर ती घाबरणार, आणि ‘जरा बघता का हो’ म्हणून दार ठोठवावं असे कोपऱ्यावरचे डॉक्टर इथे नाहीत. इथे मुलं वाढवलेल्या घरांतून गोळा केलेलं हे सांगणं त्या वेळेसाठी आहे. एक ते साडेतीन वर्षांच्या मुलांपुरतंच. तान्ह्या बाळाचं गणित वेगळं असतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर घरी काही करत बसायचं नाही, लगेच फोन लावायचा.

त्याआधीचं एक काम: आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. ‘आजारी पडल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचीच नंतर पंचाईत होते. नोंदणी मोफत आहे आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून कुणी नाकारू शकत नाही. व्हिसाच्या वेळी मुलामागे वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार मोजलेला असतो, तेव्हा संकोच कसला? सोळा वर्षांखालच्या मुलांची चिठ्ठीवरची औषधंही मोफत मिळतात.

रात्रीच का खोकतं? आडवं झालं की नाकातला शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो. दोन वर्षांच्या पोराला तो खाकरून थुंकता येत नाही, म्हणून ते खोकून वर ढकलतं. शिवाय शरीरातलं सूज आवरणारं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं, त्यामुळे श्वासनलिकांची सूज रात्री जास्त त्रास देते. आणि हे चालतं किती दिवस? २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका आढाव्यात मुलांच्या साध्या खोकल्याचा हिशेब मांडला होता: दहातली नऊ मुलं बरी व्हायला पंचवीस दिवस लागतात. त्या पंचवीस दिवसांत नर्सरीतून पुढची सर्दी येतेच. जीपी अँटिबायोटिक देत नाहीत म्हणून नवे आईबाप चिडतात, पण यातले बहुतेक खोकले विषाणूंचे, त्यावर ते चालत नाही. तिथे वाद घालून हाती काही लागत नाही.

ढास कितीही मोठी असली तरी नुसत्या तिच्यासाठी आम्ही आता फार धावपळ करत नाही. उठतो ते दोन ढासांच्या मधला श्वास बघायला. अंगातलं वर करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीवर पाडा, तोंडावर नको, आणि छाती-पोटाकडे पूर्ण एक मिनिट बघा, घड्याळ लावून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेष. ताप असेल तर आकडा चढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडे बायका ‘पोट उडतंय’ म्हणतात ते. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली, दोन बरगड्यांच्या मध्ये किंवा गळ्याच्या खळगीत खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात. शेजारच्या गुजराती कुटुंबाला दाखवून, आईला व्हिडिओ कॉल करून खात्री करून घेण्याची ही वेळ नाही.

थेट ९९९ या तातडीच्या नंबरला फोन कधी? श्वासाला असा खड्डा पडतोय, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा ‘हुं’ निघतोय, श्वास मध्येच थांबतोय, दमामुळे रडताही येत नाही, अंग ढिलं पडलंय, हलवूनही धड जाग येत नाही. किंवा रंग बदललाय. रंगाबद्दल आपल्या मुलांसाठी खास सांगायला हवं: सावळ्या कातडीवर निळसरपणा पटकन दिसत नाही. ओठांच्या आतली बाजू, जीभ, हिरड्या, तळहात आणि तळपाय दिव्याखाली बघा; तिथे राखाडी किंवा निळसर छटा दिसली की फोन. करोनाच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर काढून बसू नका. तो मोठ्यांच्या बोटाचा असतो, आणि गडद कातडीवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतात. ॲम्ब्युलन्सचं बिल येत नाही, त्यामुळे त्या धास्तीने थांबू नका.

इतकं टोकाचं नसेल पण मन मानत नसेल तर १११ ही वैद्यकीय सल्ल्याची सेवा. पाच वर्षांखालच्या मुलासाठी संकेतस्थळ नव्हे, फोनच करायचा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, दुभाषा मागता येतो. दूध-पाणी नेहमीच्या निम्म्यावर आलंय, बारा तासांत लंगोट ओला झालेला नाही, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतोय, ताप पाच दिवस उतरत नाही, या सगळ्या १११ ला सांगण्याच्या गोष्टी. फोनवर ‘ब्रीदिंग प्रॉब्लेम’ एवढंच म्हणून थांबू नका. मिनिटाला किती श्वास, खड्डा कुठे पडतोय, शेवटचा लंगोट किती वाजता ओला होता, हे ओळीने सांगा. आपल्या लोकांना फोनवर सौम्य बोलायची खोड असते, ‘तसं ठीक आहे पण’ अशी सुरुवात करायची. ते ‘तसं ठीक आहे’ समोरची व्यक्ती खरं धरते. आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, अंगातलं वर केलेला, आवाजासकट. दवाखान्यात पोचेपर्यंत पोर हटकून डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीशी खेळायला लागतं.

एक खोकला ओळखून ठेवण्यासारखा आहे. झोपेतून दचकून उठतं, कुत्रं भुंकल्यासारखा खोकतं, आवाज बसलेला आणि श्वास आत घेताना घर्र. याला इथे क्रूप म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं की हातपाय गळतात. पोराला मांडीवर ताठ बसवा आणि रडू देऊ नका, रडण्याने त्रास आणखी वाढतो. घशात बोट किंवा चमचा घालून बघू नका. दारं उघडून किंवा नीट पांघरून बाहेरच्या गार हवेत थोडा वेळ घेऊन बसायचं, हा इथल्या जुन्या लोकांचा उपाय. जिनिव्हातल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये तो तपासून पाहिला, तेव्हा सौम्य आणि मध्यम त्रासात गार हवेने अर्ध्या तासात फरक पडलेला दिसला. आपल्याकडे ‘गार हवा लागेल’ म्हणून खिडक्या गच्च लावतात, त्याच्या अगदी उलट. शांत बसलेल्या मुलाचाही घर्र आवाज चालू असेल तर हवेच्या भरवशावर थांबू नका, ९९९. दवाखान्यात बहुधा डेक्सामेथासोनचा एक डोस पाजतात.

सर्दी नाही, ताप नाही आणि खेळता खेळता एकदम खोकला सुरू झाला, तर घशात काही गेलंय का ते आधी विचारात घ्या. शेंगदाणा, फुटाणा, चिवड्यातलं डाळं. ते फुफ्फुसाच्या वाटेवर अडकून बसतं आणि खोकला दोन आठवडे ‘सर्दीचा’ म्हणून चालवला जातो. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा द्यायचा नाही, कूट चालतं.

आता भारतातून भरून आणलेली बॅग. खोकल्याचं सिरप सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं ब्रिटनच्या औषध नियामकाने २००९ पासून सांगितलं आहे. भारतातही आता हेच वारं आहे: २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलं दगावली, त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं नकोत असं बजावलं. झोप यावी म्हणून गुंगीचं औषध तर अजिबात नको. ज्या पोराचा श्वास बघायचा आहे त्यालाच गुंगवून कसं चालेल? तापावरच्या बाटलीतही एक खाच आहे. इथल्या लहान मुलांच्या कॅल्पॉलमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. भारतातून आणलेल्या ‘डीएस’ बाटलीत तेवढ्याच चमच्यात २४०, थेंबांच्या बाटलीत तर १ मिलिलिटरला १००. अर्धवट झोपेत बाटल्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. इथली एकच बाटली आणि तिच्याबरोबरची पिचकारी ठेवा.

आजीच्या बटव्यातलं काय चालतं? मध चालतो, वर्ष पूर्ण झाल्यावरच. झोपायच्या आधी अर्धा चमचा, कोमट पाण्यात किंवा नुसता चाटवा; इथले डॉक्टरही हेच सुचवतात. वर्षाच्या आत मधाने बॉट्युलिझमचा धोका असतो, आणि मध घालून दिलेली गुटीही त्यात आली. हळदीचं दूध, मुगाचं कढण, भाताची पेज, वरणाचं पाणी खुशाल द्या. दुधाने कफ वाढतो म्हणून दूध तोडू नका. आजारी पोर तेवढंच पितं कित्येकदा. तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी छातीला शेकायला हरकत नाही, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. कापूर मात्र त्या पुरचुंडीत नको, उशाशी नको, पायमोज्यात नको. थोडासा जरी गिळला तरी लहान मुलांना झटके येतात. विक्ससारखे बाम दोन वर्षांखाली नकोत, नाकाखाली कधीच नकोत. वाफेचं पातेलं तर मुळीच नको. त्याने भाजून मुलं दवाखान्यात येतात.

धुरीबद्दल थोडं परखड बोलायला हवं. आंघोळीनंतर ओवा, वावडिंग, लसणीच्या साली निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायची, हे चौकात आणि पडवीत वाढलेल्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. इथे खोली दहा बाय आठची आणि खिडकीला दुहेरी काच. धुराने सुजलेली श्वासनलिका आणखी आवळते, आणि बंद घरात पेटवलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला वास नसतो. धुराचा अलार्म वाजून शेजारी जागे झाले तर नशीबच म्हणायचं. उदबत्ती आणि मिरचीची फोडणीही रात्रीपुरती बाजूला ठेवा. फोडणीचा ठसका मोठ्यांनाही सोसत नाही.

प्रत्यक्ष झोपवताना आम्ही काय करतो? झोपायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत मिठाच्या पाण्याचे थेंब, पाच मिनिटांनी शेंबूड पुसून मग दूध. पोटभर खिचडी खाऊन लगेच आडवं केलं तर खोकल्याबरोबर सगळं बाहेर येतं. थोडं आणि लवकर जेवू घाला. तरीही एखादी उलटी होते. म्हणून गादीवर वॉटरप्रूफ शीट, त्यावर चादर, त्यावर पुन्हा शीट आणि चादर, असे दोन थर आधीच घालून ठेवा. अंधारात वरचा थर ओढून काढला की खाली कोरडं तयार. खोली १६ ते २० अंश पुरे. टोपरं, मोजे, स्वेटर, वर गोधडी, एवढं घालून घाम आलेलं मूल जास्त कण्हतं. गादीखाली उशा सरकवून उतार करण्याने फारसा फायदा नाही, मूल घसरून खाली येतं. ढास थांबत नसेल तर खांद्यावर ताठ धरून बसा, पण सोफ्यावर डुलकी लागेल असं वाटलं तर उठून दुसऱ्याला हाक मारा.

छातीत शिट्टीसारखी घरघर असणाऱ्या पोरांना इथे निळा इनहेलर देतात. भारतात ॲस्थालिन म्हणून मिळतो तोच सालब्युटामॉल, पण नेब्युलायझरऐवजी मुखवटा लावलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून, म्हणजे स्पेसरमधून. ‘साधी नळी देऊन बोळवण केली’ असं वाटू देऊ नका. नीट वापरला तर स्पेसर नेब्युलायझरइतकाच काम करतो. मुखवटा नाका-तोंडावर घट्ट बसायला हवा, एक फुसकारा, मग एक ते दहा शांतपणे मोजत श्वास. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवर वाळवा, फडक्याने पुसू नका. घासल्याने आत वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटून राहतं. किती फुसकारे, किती वेळाने, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

भाड्याच्या घराकडेही एकदा बघा. खिडकीच्या कडेला, कपाटामागे काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. ओले कपडे रेडिएटरवर वाळवल्याने आणि कुकरच्या वाफेने ती फोफावते, तेव्हा एक्झॉस्ट पंखा आणि खिडकीवरची झडप उघडी ठेवा, ह्युमिडिफायर विकत घेऊ नका. पण दोष दर वेळी तुमच्या स्वयंपाकाचा नसतो. रॉचडेलमध्ये २०२० च्या डिसेंबरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. त्याच्या नावाचा कायदा सरकारी आणि सामाजिक घरांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. खासगी घरमालकालाही तारखेसकट फोटो लावून लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. दाद नाहीच लागली तर कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य खात्याकडे जा.

रात्र दोघांत वाटून घ्या, आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा: औषध, मात्रा, वेळ, कुणी दिलं. बाराला एकाने कॅल्पॉल पाजलं आणि दीडला दुसऱ्याने पुन्हा, हे चांगल्या शिकलेल्या घरांत घडतं. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारच डोस.

सकाळी ताप नसेल आणि पोर खातंपितं असेल तर नुसत्या खोकल्यासाठी घरी ठेवावं लागत नाही. कॅल्पॉलने ताप दाबून पाठवलं तर दुपारी फोन येतो आणि पुढच्या वेळी नर्सरीवाले तुमचं खरं धरत नाहीत. नोकरी नवी असली तरी मुलाच्या अचानक आजारपणासाठी बिनपगारी सुट्टी मागण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलांना फ्लूची लस नाकात फवारून मोफत मिळते, शरदातच जीपीकडून घ्या. इनहेलर चालू असेल तर जीपीकडून दुसरा इनहेलर आणि दुसरा स्पेसर मागून घ्या, नाव लिहून नर्सरीत ठेवा आणि तिथल्या ताईंना तो एकदा तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा.