यष्टींवरचे नाणे

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर रमाकांत आचरेकर मुलांना क्रिकेट शिकवीत असत. १९८० नंतरच्या दशकात सचिन तेंडुलकर हा त्यांचा शिष्य होता. दिवसाचा सराव संपत आला, की आचरेकर यष्टींवर एक रुपयाचे नाणे ठेवीत व थकल्याभागल्या सचिनास फलंदाजीस उभे करीत. जो गोलंदाज त्यास बाद करील, त्याचे ते नाणे. कोणासच ते साधले नाही, तर नाणे सचिनचे. मैदानावरची सारी मुले क्षेत्ररक्षणास उभी राहत. त्यामुळे चेंडू उंच उडाला, की कोणाच्या ना कोणाच्या हाती पडावयाचाच. फटका जमिनीलगत ठेवणे आणि अंगात त्राण नसतानाही चित्त ढळू न देणे, एवढाच उपाय उरे.

रुपयाची किंमत ती काय! परंतु तो कशासाठी ठेवला होता, हे पाहण्यासारखे आहे. तो धावांसाठी नव्हता. टिकून राहण्यासाठी होता.

एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली आपले मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलेले मांजर पेटीत कोंडावयाचे व खाद्य बाहेर ठेवावयाचे. मांजर ओरबाडी, चावे, धडपडे. ह्या गडबडीत केव्हातरी खटका दाबला जाई व दार उघडे. तेच मांजर पुनःपुन्हा कोंडले असता व्यर्थ धडपड कमी होत गेली आणि खटका लवकर दाबला जाऊ लागला. ज्या कृतीचे फळ सुखद, ती कृती दृढ होते, असा नियम त्याने मांडला. अशा दृढ होण्यास पुढे ‘प्रबलन’ हे नाव मिळाले. बी. एफ. स्किनर ह्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली : दर वेळी बक्षीस मिळण्यापेक्षा ते अधूनमधून मिळाले, तर लागलेली सवय अधिक चिवट होते.

नियम आंधळा आहे. तो चांगली सवय जडवितो, तशीच वाईटही. गावच्या सामन्यात टाळ्या पडतात त्या षटकारालाच. बाहेर जाणारा चेंडू शहाणपणाने सोडून देणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मग मुले उतावीळपणे उंच फटके मारू लागली, तर त्यात त्यांचा दोष थोडा, टाळ्यांचा अधिक.

आचरेकरांचा हात स्तुतीच्या बाबतीत आखडता असे. शिष्य गाफील राहील, म्हणून ‘छान खेळलास’ असे त्यांनी सचिनास कधी म्हटले नाही. ही कठोरता प्रत्येक मुलास मानवेलच असे नाही. सचिनास मात्र ती मानवली. सरावात मिळविलेली तेरा नाणी त्याने जपून ठेवली. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण करताना तो हसत म्हणाला, की आता आपल्याला पुढे सामनाच खेळावयाचा नाही, तेव्हा सरांनी शाबासकी द्यावयास हरकत नाही.